पाचवी खुर्ची

थिया किंग यांचं लग्न जानेवारी १९५३ मध्ये झालं आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात त्यांचे यजमान गेले. फ्रेडरिक थर्स्टन त्यांच्याहून चोवीस वर्षांनी मोठे होते. लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ म्युझिकमध्ये ते त्यांचे गुरू होते, आणि त्या काळच्या इंग्लंडमध्ये क्लॅरिनेटचा विषय निघाला की पहिलं नाव त्यांचं निघायचं. बीबीसी सिम्फनी ऑर्केस्ट्रा १९३० साली उभी राहिली, तेव्हापासून १९४६ पर्यंत ते तिचे प्रमुख क्लॅरिनेटवादक होते. गेले तेव्हा वय बावन्न. आजार फुप्फुसाचा कर्करोग. किंग यांचा अठ्ठाविसावा वाढदिवस दोन आठवड्यांवर आला होता.

पुढे त्या आणखी त्रेपन्न वर्षं जगल्या. या त्रेपन्न वर्षांत त्यांनी आपल्या गुरूच्या आठवणीचं काय केलं, याबद्दल मला लिहायचं आहे. गुरू गेल्यावर शिष्याने काय करावं, या प्रश्नाचं इतकं शहाणं उत्तर मला क्वचितच कुठे सापडलं आहे.

जुलै १९५६ मध्ये चेल्टनहॅमच्या संगीत महोत्सवात एक नवी रचना वाजली. रचनाकार बेंजामिन फ्रँकेल. चित्रपटांच्या पार्श्वसंगीतासाठी लोकांना ठाऊक असलेला, पण त्यापलीकडे मनापासून गंभीर रचना करणारा हा माणूस. थर्स्टन यांच्या स्मरणार्थ त्याने क्लॅरिनेट आणि स्ट्रिंग क्वार्टेट, म्हणजे दोन व्हायोलिनं, एक व्हिओला आणि एक चेलो, अशा पाच वाद्यांसाठी क्विंटेट लिहिलं होतं. वाजवायला अलेग्री क्वार्टेट आणि पाचव्या खुर्चीवर थिया किंग. याहून कितीतरी सोपे मार्ग त्यांच्यापुढे होते. थर्स्टन यांनी गाजवलेली एखादी रचना निवडायची, ती त्यांच्यासारखीच वाजवायची, सभागृहातल्या जुन्या माणसांचे डोळे भरून येऊ द्यायचे. त्यांना जे वाजवायचं होतं ते मात्र खुद्द थर्स्टन यांच्या कानांवरही कधी पडलेलं नव्हतं. एकटीने, पियानोच्या साथीने पुढे उभं राहूनही नव्हे. चौघांमध्ये बसून, चौघांचं ऐकत.

माझं म्हणणं इथूनच सुरू होतं. गुरूची आठवण म्हणजे गुरूच्या आवाजाचं जतन, असं आपण धरून चालतो. ते अपुरं आहे. गुरूने ज्या कामासाठी आयुष्य घातलं ते काम त्याच्या माघारी वाढतं ठेवणं, आणि त्यात जे त्याचे शिष्य नाहीत, ज्यांचं त्याच्याशी काही देणंघेणं नाही, अशा माणसांनाही ओढून आणणं, ही खरी आठवण. आणि त्यासाठी चार-पाच जणांच्या बैठकीइतकं योग्य रूप संगीतात दुसरं नाही.

क्लॅरिनेटच्या बाबतीत हे जास्तच खरं आहे. या वाद्यासाठी जे उत्तम लिहिलं गेलं ते बहुतेक कुणा ना कुणा माणसासाठी लिहिलं गेलं. मोझार्टने १७८९ साली आपलं क्विंटेट लिहिलं ते अंतोन श्टाडलरसाठी. वेबरच्या रचनांमागे हाइनरिश बेअरमान हा वादक उभा आहे, श्पोरच्या मागे हेर्मश्टेट. ब्राम्सची हकीकत तर सर्वांत हृद्य आहे. १८९० च्या सुमारास आपलं लिहून झालं, आता पुरे, असं त्याने ठरवून टाकलं होतं. मग माइनिंगेनच्या दरबारी ऑर्केस्ट्रात त्याने रिखार्ड म्यूलफेल्ड या वादकाला ऐकलं. मुळात व्हायोलिनवादक म्हणून ऑर्केस्ट्रात आलेला आणि क्लॅरिनेट स्वतःच स्वतः शिकलेला हा माणूस. १८९१ च्या उन्हाळ्यात ब्राम्सने त्याच्यासाठी एक त्रिकूट आणि एक क्विंटेट लिहिलं, १८९४ मध्ये दोन सोनाटा. म्यूलफेल्ड नसता तर ब्राम्सची अखेर आपल्याला माहीत आहे तशी झालीच नसती. क्लॅरिनेटचं भांडार अशा मैत्र्यांमधून साठत गेलं आहे. वादक गेला की रचना मागे उरते, आणि रचनेतून त्या वादकाचा दमसास, त्याचा ताकदीचा पट्टा, त्याला जमणाऱ्या उड्या हे सगळं पुढच्या माणसाच्या बोटांखाली येतं.

थर्स्टन या साखळीतले होते. जॉन आयर्लंडचा फँटसी-सोनाटा, हर्बर्ट हॉवेल्सचा सोनाटा, माल्कम आर्नल्डचा पहिला कन्चेर्टो, एलिझाबेथ मकाँकी या रचनाकर्तीचं कन्चेर्टीनो, हे सारं त्यांच्यासाठी लिहिलं गेलं. आर्थर ब्लिसचं १९३२ चं क्विंटेटही पहिल्यांदा त्यांनीच वाजवलं. त्या क्विंटेटबद्दल सांगितल्याशिवाय राहवत नाही. ब्लिसचा धाकटा भाऊ केनर्ड क्लॅरिनेट वाजवायचा. १९१६ साली सोमच्या लढाईत तो मारला गेला. ब्लिस स्वतःही त्याच मोहिमेत जखमी झाला होता. सोळा वर्षांनी त्याने क्लॅरिनेटला मध्ये घेऊन पाच वाद्यांची रचना केली. अर्पणपत्रिकेत भावाचं नाव नाही. तरी पहिल्या क्षणी चारही तंतुवाद्यं गप्प असतात आणि क्लॅरिनेट एकटंच बोलू लागतं, तेव्हा मला कायम वाटत आलं आहे की हा भावाला दिलेला पहिल्या बोलण्याचा मान आहे. हे माझं ऐकणं. ब्लिसने तसं म्हटलं आहे असा माझा दावा नाही.

आता नकलेबद्दल. शिष्याने गुरूसारखं वाजवावं, ही अपेक्षा क्लॅरिनेटच्या बाबतीत शरीरशास्त्रालाच मान्य नाही. व्हायोलिनचा गुरू शिष्याला कमानीचा कोन दाखवू शकतो, मनगट धरून फिरवू शकतो. क्लॅरिनेटमध्ये जे घडतं ते तोंडाच्या आत. बोरूच्या जातीच्या वनस्पतीची एक पातळ पत्ती, तिच्यावर खालच्या ओठाचा दाब, जिभेची उंची, घशाची पोकळी, दातांची ठेवण. गुरूला ते दाखवता येत नाही आणि शिष्याला ते दिसत नाही. गुरू वाजवतो, शिष्य ऐकतो आणि आपल्या तोंडात तो सूर शोधतो. ज्याचं तोंड वेगळं त्याचा सूर वेगळा. म्हणूनच थर्स्टन यांचे शिष्य एकमेकांसारखे वाजले नाहीत. जर्वास दे पेयर यांच्या सुरात ऊब होती आणि कंपनही होतं. थर्स्टन जवळजवळ कंपन न घेता सरळ, स्वच्छ सूर लावायचे. कॉलिन डेव्हिस तर वाद्य खाली ठेवून जगभर गाजलेले ऑर्केस्ट्रा-संचालक झाले. यातल्या कुणी गुरूशी बेइमानी केली असं कोण म्हणेल? गुरूने दिलं ते ऐकणं. सूर ज्याचा त्याने कमवायचा होता.

आणि ऐकणं जिथे सर्वांत कसोटीला लागतं ती जागा म्हणजे चेंबर म्युझिक. मोठ्या ऑर्केस्ट्रात समोर छडी असते. क्विंटेटमध्ये कुणीच नसतं. सुरुवात कुणी करायची हे क्लॅरिनेटवादकाच्या श्वासावरून कळतं. नाकातून आत ओढलेली हवा हीच खूण, त्या श्वासाची लांबी हीच लय. वाजवता वाजवता क्लॅरिनेटच्या नळीतली हवा तापते आणि स्वर किंचित चढतो. तंतुवाद्यांची बोटं तारेवर मोकळी असतात, ती त्याला सांभाळून घेतात. उलट तंतुवाद्यं गंधार शुद्ध लावण्यासाठी हलकेच उतरतात तेव्हा क्लॅरिनेटवाल्याला ओठ सैल करून त्यांच्याकडे जावं लागतं. या वाद्याचं खालचं सप्तक धुरकट आणि जड, वरचं तेजस्वी, आणि मधले काही स्वर मुळातच अशक्त. शिवाय जवळजवळ शून्यातून सूर उगववता येतो ही त्याची खासियत. म्हणून ते व्हिओलाच्या मागे लपू शकतं, चेलोच्या पाठीवर हात ठेवून चालू शकतं, आणि वाटलं तर सगळ्यांवरून उडून जाऊ शकतं. ब्राम्सच्या क्विंटेटमध्ये कितीदा तरी क्लॅरिनेट कुठे संपलं आणि व्हायोलिन कुठे सुरू झालं हे कळतच नाही.

अशा बैठकीत श्रद्धांजली वाहायची म्हणजे ती एकट्याची राहूच शकत नाही. अलेग्री क्वार्टेटच्या चौघांना थर्स्टन यांचं शिष्यत्व लाभलं नव्हतं. तरीही त्या संध्याकाळी त्यांच्या स्मरणाचा चार-पंचमांश भार या चौघांनी उचलला. दुःख वाटलं की कमी होतं, असं आपण सांत्वनाला गेलो की म्हणतो. संगीतात ते वाटलं की अचूक होतं. कारण एकट्याचा हुंदका लांबवता येतो. पाच जणांत लय पाळावी लागते.

आपल्याकडे याच सुमारास काय घडत होतं ते आठवून पाहा. सवाई गंधर्व १९५२ साली गेले आणि १९५३ पासून पंडित भीमसेन जोशींनी पुण्यात त्यांच्या पुण्यतिथीचा संगीत महोत्सव सुरू केला. तो टिकला आणि वाढला यामागे भीमसेनजींची निष्ठा होतीच. पण तो मंच त्यांनी किराणा घराण्यापुरता ठेवला नाही, हे मला त्याहून महत्त्वाचं वाटतं. जयपूर, ग्वाल्हेर, आग्रा, पतियाळा, सगळ्यांना तिथे बोलावणं होतं. गुरूच्या नावाने दुसऱ्या घराण्याचं गाणं ऐकवणं याला मोठं मन लागतं, आणि गुरूचं नाव त्यानेच मोठं होतं.

याच्या दुसऱ्या टोकाला मजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस. गोव्याहून मुंबईत आलेले व्हायोलिनवादक आणि शिक्षक, संगीतकार प्यारेलाल शर्मांचे गुरू. १९५८ साली त्यांनी मुंबईत भारतीय वादक-गायकांचा मोठा ऑर्केस्ट्रा उभारला, रागांवर आधारलेल्या रचना पाश्चात्त्य वाद्यवृंदासाठी लिहिल्या. १९७७ च्या एका हिंदी चित्रपटातल्या गाण्यामुळे त्यांचं नाव देशातल्या पोराटोरांच्या तोंडी बसलं. ती शिष्याची मानवंदना होती आणि तिच्यातलं प्रेम खरं होतं, याबद्दल मला तिळमात्र शंका नाही. पण परिणाम काय झाला? नाव प्रत्येकाला ठाऊक, आणि त्या नावाच्या माणसाने रचलेला एक स्वरही बहुतेकांनी ऐकलेला नाही. २०१२ साली ते गेले. त्यांच्या रचना वर्षातून एकदा तरी पणजीत किंवा मुंबईत कुणी वाजवायला घेतल्या असत्या तर? हे मी रागाने लिहीत नाही. हळहळीने लिहितो आहे, कारण ते अजूनही करता येण्यासारखं आहे.

यावर एक आक्षेप येईल आणि तो हलका नाही. नव्या रचनांनी गुरूचं नाव चालतं, मान्य. पण त्याची विद्या? कुठलं बोट कुठल्या छिद्रावरून कसं सरकवायचं, जिभेचा आघात किती हलका ठेवायचा, कुठे श्वास चोरायचा, हे सगळं नव्या रचनांच्या नादात हरवणार नाही का? हरवू शकतं. किंग यांना ते कळत होतं. थर्स्टन यांचं क्लॅरिनेट-तंत्रावरचं छोटं पुस्तक त्यांच्या मृत्यूनंतर १९५६ मध्ये निघालं; पुढच्या आवृत्त्यांच्या वेळी किंग यांनी त्यावर हात फिरवला. रॉयल कॉलेजात त्यांनी १९६१ पासून पंचवीसहून अधिक वर्षं शिकवलं, नंतर गिल्डहॉल संगीतविद्यालयात. म्हणजे जतनाचं काम त्यांनी टाळलं नाही. पण तंत्र हे भांड्यासारखं असतं. रोज त्यात काही शिजलं नाही तर ते फडताळात काळं पडतं. थर्स्टन यांचा तो सरळ, कंपनरहित सूर कशासाठी होता हे पुस्तकातून कळत नाही. फ्रँकेलच्या एखाद्या लांब ओळीत जिथे जरासं कंपनही भावना पातळ करून टाकेल, तिथे तो वाजवणाऱ्याला आपोआप कळतो.

दुसरा आक्षेप रसिकांचा: तुमची कृतज्ञता तुमच्यापाशी, आम्ही तिकीट काढून ती का ऐकावी? याला माझं उत्तर एवढंच की ऐकू नका. अर्पणपत्रिका स्वरात ऐकू येत नाही आणि येऊही नये. फ्रँकेलचं क्विंटेट थर्स्टन हे नाव कधीही न ऐकलेल्या माणसालाही धरून ठेवतं. जी श्रद्धांजली समजून घ्यायला आधी माहितीपत्रक वाचावं लागतं, ती कच्ची.

किंग यांचं सर्वांत मोठं काम मात्र १९८० नंतर घडलं, आणि त्यात त्यांना एक विलक्षण साथीदार भेटला. टेड पेरी नावाच्या गृहस्थांनी हायपेरियन ही रेकॉर्ड कंपनी काढली. पैसा उभा करायला ते मिनीकॅब चालवत. त्या कंपनीची पहिलीवहिली रेकॉर्ड थिया किंग यांची. एका बाजूला जेराल्ड फिंझीचा कन्चेर्टो, दुसऱ्या बाजूला चार्ल्स स्टॅनफर्डचा. ही निवड नीट पाहिली की ती वंशावळ आहे हे लक्षात येतं. स्टॅनफर्डने आपला कन्चेर्टो १९०२ साली लिहिला तो म्यूलफेल्डला डोळ्यांसमोर ठेवून, ब्राम्सच्या त्याच म्यूलफेल्डला. पण म्यूलफेल्डने तो वाजवला नाही. १९०३ मध्ये बोर्नमथला तो पहिल्यांदा वाजवला चार्ल्स ड्रेपर यांनी. ड्रेपर हे थर्स्टन यांचे गुरू, आणि थर्स्टन यांनीही तरुणपणी तो वाजवला. कित्येक दशकं तो छापलासुद्धा गेला नव्हता. फिंझीचा कन्चेर्टो १९४९ साली हेरेफर्डला, थर्स्टन यांच्या जन्मगावाजवळच, खुद्द थर्स्टन यांनी पहिल्यांदा वाजवला. म्हणजे एका रेकॉर्डच्या दोन बाजूंना गुरू आणि आजेगुरू. तबकडीवर तसं काही लिहायची गरज नव्हती.

फिंझीच्या त्या कन्चेर्टोवर अर्पणपत्रिकेत नाव पॉलिन जूलर यांचं आहे. उत्तम वादक, फिंझीची क्लॅरिनेट आणि पियानोसाठीची पाच छोटी बॅगटेल्सही त्यांनीच पहिल्यांदा वाजवली होती. कन्चेर्टो तयार होईतो त्या जाहीर वादनातून बाजूला झाल्या होत्या. त्या पिढीतल्या किती वादक बायका अशा हळूच बाजूला झाल्या याचा हिशेब कुणी ठेवला नसणार. किंग झाल्या नाहीत. १९५५ पासून बारा-तेरा वर्षं त्या पोर्शिया विंड एन्सेंबल या केवळ स्त्रियांच्या सुषिरवाद्य-समूहात होत्या, आणि १९६४ पासून १९९९ पर्यंत इंग्लिश चेंबर ऑर्केस्ट्राच्या प्रमुख क्लॅरिनेटवादक. तरी त्यांच्याबद्दल लिहिताना लेखणी पुन्हा पुन्हा 'थर्स्टन यांच्या शिष्या आणि पत्नी' या शब्दांकडे ओढली जाते. मीही लेखाची सुरुवात लग्नाच्या तारखेने केली आहे. पण शिष्येचं काम गुरूच्या सावलीत मावेनासं झालं, तर ते गुरूचंच यश असतं, आणि तसं ते उघड म्हटलं पाहिजे. मोझार्टने श्टाडलरच्या ज्या लांब, जास्त खोल स्वराच्या क्लॅरिनेटसाठी लिहिलं, त्या बासेट क्लॅरिनेटची विसाव्या शतकात पुनर्रचना झाली. किंग यांनी साठीच्या उंबरठ्यावर ते वाद्य हाती घेऊन मोझार्टचा कन्चेर्टो आणि क्विंटेट ध्वनिमुद्रित केलं. साठीला नवं वाद्य! थर्स्टन यांनी हे कधीच केलं नव्हतं. इथे गुरूची वाट संपलेली होती. पुढे पाऊल त्यांचं स्वतःचं.

आणि शेवटी पुन्हा क्विंटेटं. १९९० च्या सुमारास ब्रिटन क्वार्टेटबरोबर त्यांनी इंग्लिश क्लॅरिनेट क्विंटेटांची एक तबकडी केली. हॉवेल्सचं, पहिल्या महायुद्धाच्या सुमाराचं. जोसेफ होलब्रुकचं, जे त्यांनी का घेतलं असावं असा मला प्रश्न पडतो; पण अशा तबकडीत फक्त शिखरंच असावीत असा हट्ट बरा नव्हे. आर्नल्ड कुकचं, खुद्द किंग यांच्यासाठी लिहिलेलं. मकाँकीचं १९६३ चं. याच बाईंनी १९४५ साली थर्स्टन यांच्यासाठी कन्चेर्टीनो लिहिलं होतं. आणि फ्रँकेलचं.

चेल्टनहॅमला तीस वर्षांच्या असताना त्यांनी जे पहिल्यांदा वाजवलं ते पस्तिसेक वर्षांनी पुन्हा वाजवलं. आता वय पासष्टच्या आसपास, म्हणजे ज्यांच्यासाठी वाजवत होत्या त्यांच्याहून कितीतरी मोठं. भोवतालचं क्वार्टेट नवं, त्यातला एकही वादक थर्स्टन हयात असताना जाणत्या वयाचा नसावा. ते ध्वनिमुद्रण मी पुष्कळदा ऐकलं आहे. त्यात रडू नाही. व्हिओला एक वाक्य सुरू करते, क्लॅरिनेट ते तिच्याकडून अलगद घेतं, थोडं वळवतं आणि चेलोकडे देतं. आणि आधीच्या क्षणी किंग यांनी आत ओढलेला श्वास, कान देऊन ऐकलं तर, मायक्रोफोनने टिपलेला आहे.